गरीब बैलाची पाटी

एका गावात सगळेच थापा मारण्यात पटाईत होते. त्यांच्या शेळ्या म्हणे रांजणभर दूध देत आणि त्यांचे कोंबडे झोपून राहिले तर सूर्यही उगवायचा थांबे. गिऱ्हाइकं वैतागली, तेव्हा राजाने फर्मान काढलं: या गावच्या बाजारात जनावर विकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. सांगायचं ते पाटीवर लिहून जनावराच्या गळ्यात बांधायचं.

मोठ्यांना लिहिता कुठे येत होतं? पाट्या लिहायचं काम पंतोजींच्या शाळेतल्या मुलांकडे आलं.

त्यांत एका गाडीवानाची मुलगी होती. तिच्या बापाने चांद्या बैल विकायला काढला, तेव्हा तिने रडत रडत पाटी लिहिली: ‘बैल फार गरीब आहे.’

पंतोजींनी वाचलं. “गरीब कशावरून?”

“माझ्या हातून खातो, गुरुजी. कधी शिंग उगारलं नाही.”

“हे तुझं मत झालं, बाळ. घेणाऱ्याला माहिती हवी. त्याच्या डोळ्याचं काय?”

चांद्याचा डावा डोळा काटा लागून गेला होता. वरून धड दिसे, पण त्या बाजूने कोणी आलं की तो दचकून शिंग फिरवी. घरचे सगळे सवयीने उजवीकडूनच जात.

“ते लिहिलं तर खाटकाशिवाय कोण नेईल त्याला?”

“ते गिऱ्हाईक ठरवील. तू आहे ते लिही.”

तिने पाटी पुसली. पंतोजींची पाठ वळल्यावर पुन्हा तेच लिहिलं. अक्षर मात्र आणखी सुबक काढलं.

बाजारात ती बापासोबत चांद्याजवळ उभी होती, तिथे एक माळी आला. खांद्यावर लहानगा मुलगा होता.

“घरात हे कार्टं आहे, पोरी. बैल खरंच गरीब आहे ना?”

बोलायची तर बंदी. तिने पाटीकडे बोट दाखवलं. माळ्याने चांद्याला नेलं आणि मुलगी घरी जाऊन पोटभर जेवली.

पुढच्या बाजाराला माळी एकटाच आला. “ती पाटी कोणी लिहिली होती?”

मुलगी पुढे झाली.

“पोरगं चारा घेऊन डाव्या अंगाने गेलं,” तो म्हणाला. “तुझ्या गरीब बैलाने शिंग पोटात घातलं. संध्याकाळपर्यंतही राहिलं नाही गं ते. मग मी कुऱ्हाड घेतली.”

मुलीला फर्मानाचं भान राहिलं नाही. “त्याला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं, काका. म्हणून तो…”

शेजारी उभ्या तेल्याने मान वळवली. “एवढंच होतं? मग मीच नेला असता की. घाण्याच्या बैलाचे डोळे आम्ही बांधूनच ठेवतो.”

माळी खाली बसला. त्या दिवशी बाजारात तोंडं बंद ठेवायला राजाच्या फर्मानाची गरजच पडली नाही.

तात्पर्य: माहिती लिहायला बसलात की आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवा, जे आहे ते लिहा. मत लिहिणाऱ्याचं असतं, शिंग वाचणाऱ्याला लागतं.