तीनवार विचारले

त्या राज्याला चारी बाजूंनी काच होती आणि तिथे बोललेला शब्द पाण्याबरोबर जात असे. पाणी वाहिले तर शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचे. पाणी थांबले तर तो बोलणाऱ्याच्या पुढ्यातच वाळूवर पडे. हे सगळ्यांना माहीत होते, म्हणूनच कुणी त्याचा विचार करत नसे.

पाणी हलवायला डाव्या भिंतीवर एक पंप होता आणि उजव्या भिंतीवर एक. ते आळीपाळीने चालत. पाणी कधी इकडून येई, कधी तिकडून, आणि कधी दोन्ही लाटा मध्येच एकमेकींवर आपटत. दोन्ही पंपांना मिळून एक चक्री होती, तिच्यावर पाच खुणा होत्या. कित्येक वर्षे चक्री पाचावर होती.

ती फिरवण्याचे काम बिऱ्हाडेकाकांकडे होते. काका खेकडे होते. दुसऱ्या कुणाच्या रिकाम्या शंखात राहत आणि तो पाठीवर घेऊन हिंडत. नियम असा होता की चक्रीला हात लावण्याआधी त्यांनी राज्याच्या मधोमध उभे राहून तीनवार विचारायचे, "कुणाचं काही म्हणणं आहे?" ज्याचे असेल त्याने "माझं आहे" एवढेच म्हणायचे. एकाने म्हटले तरी चक्री हलत नसे. या नियमाचा राज्याला फार अभिमान होता.

पुढच्या बुटक्या खडकावर मखमलबाई राहत. त्यांचे अंग मऊ आणि पसरट होते, कडेला झालर होती. दर काही दिवसांनी त्यांच्या अंगावर दुधावर येते तशी साय धरे आणि ती आपोआप निघून जाई. ती कोण नेते याची बाईंनी कधी चौकशी केली नव्हती. पाण्याच्या जोराने मात्र त्यांची झालर दुमडे आणि त्याचा त्यांना त्रास होई. "सारखे आपले हेलकावे," त्या म्हणत. "घरात बसल्यासारखं वाटतच नाही." गोगलगायी माना डोलवत. बाईंच्या बोलण्यावर मान डोलवायची तिथे पद्धतच होती.

मागच्या उंच खडकावर काटकी होती. ती पोवळ्याच्या जातीची, बारीक फांद्यांची. तिला जागचे हलता येत नसे. पाणी जे आणून देई ते ती खाई, आणि तिच्या अंगावर बसलेली धूळ पाणीच धुऊन नेई. तिला शेकडो इवलीइवली तोंडे होती, पण ती लाजरी होती. कुणी पाहिले की सगळी तोंडे एकदम मिटत.

बाईंच्या सांगण्यावरून चक्री पाचावरून चारावर आणायचे ठरले, तेव्हा बिऱ्हाडेकाकांनी मधोमध उभे राहून विचारले. काटकीला वाटले, कुणीतरी म्हणेल. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा ती मनातल्या मनात शब्द जुळवत होती. तिचे पहिले तोंड उघडले तोवर तिसरी वेळ होऊन गेली होती.

पुढच्या वेळी ती तयार होती. काकांनी पहिल्यांदा विचारताच ती म्हणाली, "माझं आहे." पण चाराचे पाणी पूर्वीइतके लांब जात नव्हते. तिचा शब्द खडकाची कड ओलांडून मागच्या कोपऱ्यात पडला. काकांनी तिन्ही वेळा कान देऊन ऐकले, काही आले नाही, आणि त्यांनी चक्री तीनावर आणली.

राज्यात शांतता पसरू लागली. पूर्वी रोज कुणाचे ना कुणाचे काहीतरी असायचे. शिंपल्याला हे खुपायचे, किड्याला ते. आता तक्रारी कमी झाल्या, आणि ज्याअर्थी तक्रारी कमी झाल्या त्याअर्थी पाणी योग्य आहे, असे सगळे म्हणू लागले. वाळूवर एक तांबडी मऊ चादर धरली. गोगलगायी तिला गालिचा म्हणत. उजेड वाढला की त्या गालिच्यातून बारीक बुडबुडे वर येत, जणू खाली कुणी श्वास सोडत असावे.

काटकीच्या फांद्यांत पिवळी नावाची लहान मासोळी राहत असे. काटकी बुडापासून पांढरी पडू लागलेली तिने पाहिली. ती रोज फांद्यांमध्ये शेपूट हलवत राही, म्हणजे तेवढेच पाणी हलेल. पण तिची शेपूट नखाएवढी होती. शेवटी तिने ठरवले की काटकीचा शब्द आपण घेऊन जायचा. तीनावरून दोनावर आणण्याच्या दिवशी ती मधोमध पोहत आली आणि म्हणाली, "काका, काटकीचं म्हणणं आहे. तिला पाणी पुरत नाही. ती मरेल."

मखमलबाई हसल्या. "का गं, काटकीला तोंडं नाहीत? चांगली शेकड्यांनी आहेत की. ज्याचं म्हणणं त्यानं म्हणावं. तू कशाला दुसऱ्याचा घास चघळतेस?"

गोगलगायीही हसल्या. बिऱ्हाडेकाका वाईट नव्हते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "नियम आहे, बाळा. 'माझं आहे' असं ज्याचं त्यालाच म्हणावं लागतं. माझ्या हातात काय आहे? मी राहतो ते घरसुद्धा माझं नाही."

चक्री दोनावर आली, आणि काही दिवसांनी एकावर.

मागच्या कोपऱ्याबद्दल याच सुमारास कुजबुज सुरू झाली. तिथे गाळ साचला होता. तिकडून जाणाऱ्याला कुणीतरी बोलल्यासारखे वाटे. एका गोगलगायीने सांगितले की तिने तिथे आपल्या मेलेल्या शेजारणीचा आवाज ऐकला. मग पिल्लांना तिकडे जायची बंदी झाली. त्या जागेला बाधा आहे, एवढेच मोठी मंडळी सांगत आणि विषय बदलत.

काटकी आता टोकापर्यंत पांढरी झाली होती. राज्याला ते आवडले. पूर्वी मातकट होती, आता कशी उजळली, असे म्हणत सगळे तिच्याकडे बघत. शेंड्याची एक फांदी तेवढी तपकिरी उरली होती आणि तिच्यावर सात तोंडे होती. पिवळीने ती रोज मोजली.

सहा राहिली त्या दिवशी ती कोपऱ्यात गेली. बाधेची भीती तिलाही होती. पण काटकीचे शब्द त्याच बाजूला पडताना तिने पाहिले होते. तिने डोळे मिटले आणि सगळा जोर लावून गाळावर शेपूट मारली.

गाळ उठला, आणि त्याबरोबर शब्द उठले. "माझं आहे," काटकीचा आवाज म्हणाला, पुन्हा म्हणाला, अनेकदा म्हणाला. मग दुसरे आवाज आले. शिंपल्याचा आला, तो केव्हाच उघडा पडून रिकामा झाला होता. नळीतल्या किड्याचा आला. "माझं आहे. माझं आहे." चक्री एकावर होती, तरी उठलेल्या गाळाबरोबर ते त्या मंद पाण्यावर तरंगत राज्यभर फिरले. एक जाड, म्हातारा आवाज थेट बिऱ्हाडेकाकांच्या पाठीशी येऊन घुमला. त्यांचा शंख पूर्वी ज्याचा होता, त्याचा तो आवाज होता.

पिवळीला वाटले, आता तरी चक्री वर जाईल.

राज्याने सभा घेतली. मेलेले बोलले हे सगळ्यांनी ऐकले होते. पण ते काय म्हणत होते याबद्दल कुणी काही बोलले नाही. पाण्यामुळे गाळ उठतो आणि गाळामुळे बाधा होते, इथपर्यंत सर्वांचे एकमत झाले. तेव्हा पाणी थांबवावे. चक्री शून्यावर आणावी.

मखमलबाई त्या सभेत काही बोलल्या नाहीत. त्यांच्या अंगावर साय धरली होती आणि या वेळी ती निघाली नव्हती. पहिल्या सायीवर दुसरी बसली, दुसरीवर धूळ, धुळीवर तांबडी चादर. त्यांची झालर आता दुमडत नव्हती, ती उलगडतच नव्हती. इतकी वर्षे ती साय कोण नेत होते, ते त्यांना कळले.

बिऱ्हाडेकाका मधोमध उभे राहिले. खाली श्वास पुरत नव्हता म्हणून पिवळी वरच्या तवंगापाशी तोंड उघडून धापा टाकत होती, तिला खाली येता येईना.

"कुणाचं काही म्हणणं आहे?"

"माझं आहे," मखमलबाई सायीच्या आतून म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदाच त्यांना असे म्हणायची वेळ आली होती. शब्द सायीला चिकटून तिथेच राहिला.

"कुणाचं काही म्हणणं आहे?"

"माझं आहे," काटकी म्हणाली. तिने सहाही तोंडे एकदम उघडली होती आणि या वेळी सगळे बघत असूनही ती मिटली नव्हती. तिचा शब्द सरळ खाली आपल्याच पांढऱ्या फांद्यांवर पडला.

तिसऱ्यांदा विचारून काका बराच वेळ थांबले. खरोखर थांबले. कुठूनही काही आले नाही. त्यांनी चक्री शून्यावर आणली.

मग नियमाप्रमाणे निकाल सांगायला ते वळले. "सर्वानुमते," ते म्हणाले. शब्द त्यांच्या तोंडातून निघाला आणि त्यांच्याच पायांपुढे वाळूवर पडला. काकांनी त्याच्याकडे पाहिले. आजूबाजूला पाहिले. सगळ्यांची तोंडे त्यांच्याकडे होती, काही उघडी, काही मिटलेली, आणि कुणी हलत नव्हते. त्यांनी पायाने थोडी वाळू ओढून तो शब्द झाकला आणि घाईघाईने शंखात शिरले.

आत अंधार होता. पाणी पूर्ण थांबले होते. तरीही शंखाच्या अगदी आतल्या वळणावरून, अगदी जवळून, तो जाड म्हातारा आवाज हळूच म्हणाला, "माझं आहे."