मथूची पन्हळ आणि तीन थेंब

मुलांनो, ही गोष्ट उन्हातली नाही. ऊन असतं तर मथू अंगणात सागरगोटे खेळत बसली असती, तिला परीबिरी भेटली नसती आणि मलाही सांगायला काही उरलं नसतं. पण पाऊस होता. सलग नऊ दिवस, एकाच सुरात. आभाळ राखाडी, डोंगर राखाडी आणि मथूच्या घरातला दिवससुद्धा राखाडी.

मथू आठ वर्षांची. डोळे टपोरे, वेण्या दोन, आणि त्यातली एक कायम सुटलेली, कारण वेणी घालून देणारी आई मागच्या वर्षी तापानं गेली. घरात आता ती आणि तिचे बाबा, सावळाराम. बाबा गावाला पन्हळी घालून द्यायचे. पन्हळ ठाऊक आहे ना? पोफळीचं खोड उभं चिरायचं, आतला गाभा कोरून काढायचा आणि तो लांबलचक चर छपराच्या कडेला बांधायचा. मग कौलांवरचं पाणी त्यात पडतं आणि भिंतीपासून लांब जातं. गावातल्या एकूण एक घराला बाबांच्या हातची पन्हळ होती. आणि त्यांच्या स्वतःच्या घराला? कुजलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

उन्हाळा सरता सरता ती बदलायला बाबा शिडीवर चढले, शिडीची पायरी निसटली आणि पाय मोडला. तेव्हापासून ते मागच्या खोलीत खाटेवर पडून होते. खाट चांगली जड, शिसवी, मातीच्या भिंतीला लागून. कुजक्या पन्हळीतलं पाणी त्याच भिंतीवर सांडत होतं, आणि भिंत ते मुकाट पीत होती.

बाबा पडल्या पडल्या भिंतीवर बोटानं टकटक करायचे. कोरडी भिंत खणखणीत बोलते, ओली बद्द बोलते. नवव्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "मथू, आवाज बद्द येतोय. छातीपर्यंत ओली झालीय. तू आजपासून भागीरथी काकीकडे जाऊन राहा."

"आणि तुम्ही?"

"मी आहे की इथे."

मथूला सगळं कळलं. भिंत पडली तर ती बाबांच्या अंगावरच पडणार होती. तिनं खाट ओढून पाहिली, पण ती तसूभर हलेना. मदतीला बोलवायचं तर लावणीचे दिवस, सगळा गाव दूरच्या शेतांत गुडघाभर चिखलात. घरी होती ती एकटी भागीरथी काकी, खालच्या अंगाला राहणारी. आणि काकी म्हणजे तोंडाची फटकळ. मथूचा चेंडू तिच्या अंगणात गेला तरी ती घर डोक्यावर घ्यायची. तिच्या दारात जायचं मथूला धाडस होईना.

म्हणून मथू डोक्यावर पानांचं इरलं घेऊन पोफळीच्या बागेत गेली. एखादं पडलेलं खोड मिळालं तर पन्हळ करता येईल, एवढंच तिच्या मनात. खोड मिळालं, पण ते तिच्याहून तिप्पट लांब. उचलायला गेली आणि स्वतःच चिखलात बसली.

तेवढ्यात शेजारी काहीतरी लुकलुकलं. पोफळीची एक जाड, भिजून जड झालेली झावळी पडली होती, आणि तिच्याखाली इवलासा निळा उजेड धडपडत होता. मथूनं झावळी उचलली. खाली एक परी होती, करंगळीएवढी. झगा पाण्याच्या मण्यांचा, केसांत हिरवं शेवाळ, आणि चिमुकले पंख, निळे, जांभळे, कडेला थोडे सोनेरी, चिखलानं पार माखलेले. मथूनं परकराचं एक कोरडं टोक शोधलं आणि ते पंख हलक्या हातानं पुसले. स्वतःचं दुःख तेवढ्यापुरतं ती विसरली. तशीच होती ती पोर.

"मी पागोळपरी," परी म्हणाली. तिचा आवाज वाटीत थेंब पडावा तसा होता. "छपरांवरून उतरणाऱ्या पाण्याची राखण करते. तू मला सोडवलंस. काय देऊ तुला?"

"बाबांचा पाय बरा करा."

परीचे पंख खाली झुकले. "हाडं माझ्या हातात नाहीत गं बाळ. छपरावरून उतरलेलं पाणी आणि त्याची वाट, एवढंच माझं राज्य." तिनं एका अळूच्या पानावर तीन थेंब ठेवले. एक रुपेरी, एक निळा, एक मधासारखा पिवळा. "एकेका थेंबाला एकेक मागणं. पण नीट ऐक. जेवढं बोलशील तेवढंच होईल, मनातलं होणार नाही. आणि एकदा दिलेलं मला परत घेता येत नाही."

मथूला वाटलं, एवढं काय अवघड आहे त्यात. ती धावत घरी आली आणि मागच्या अंगणात उभी राहून रुपेरी थेंबाला म्हणाली, "आमच्या छपराला नवी पन्हळ दे. चांदीची, आणि सुतासारखी सरळ."

थेंब टपकन फुटला. छपराच्या कडेला चांदीची पन्हळ झळकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत, कुठे वर नाही, कुठे खाली नाही. त्या राखाडी दुपारी ती अशी लखलखली की मथू आनंदानं उडीच मारणार होती. पण पन्हळीत पाणी भरलं, भरून उभं राहिलं आणि काठावरून ओसंडून पहिल्यापेक्षा जास्त जोरानं भिंतीवर कोसळू लागलं.

आतून बाबांनी विचारलं, "पोरी, पाणी वाहतंय की उभं आहे?"

"उभं आहे, बाबा."

"मग पन्हळ सरळ बांधली कुणीतरी. सरळ पन्हळ दिसायला सुंदर, कामाला शून्य. दोन हात पसरले की जेवढी लांबी होते ना, तेवढ्या लांबीला एक बोट उतार हवा."

कुणी बांधली, कशी बांधली, हे बाबांनी विचारलं नाही. मथूचं तोंड एवढंसं झालं. तिनं निळ्या थेंबाला मागितलं, "पन्हळीला उतार दे. दोन पसरल्या हातांच्या लांबीला एक बोट."

पन्हळ हळूच कलली. अडलेलं पाणी खळाळून निघालं, आणि भिंतीवरची धार थांबली. आता पिवळा थेंब उरला होता. तो कशाला वापरायचा हे मथूचं ठरलेलंच होतं. भिंतीनं प्यालेलं पाणीही छपराचंच की. ते काढून घे म्हणायचं, भिंत कोरडी होईल आणि बाबा वाचतील.

ती तोंड उघडणार तोच खालून धबधब्यासारखा आवाज आला. पन्हळीच्या खालच्या टोकातून साऱ्या छपराचं पाणी एका धारेनं सुटलं होतं, आणि ती धार थेट भागीरथी काकीच्या मातीच्या भिंतीवर आदळत होती. भिंतीचा गिलावा ढेकळाढेकळांनी गळत होता. आत काकी भांडी हलवत असल्याचा आवाज येत होता. बिचारीला काही पत्ता नव्हता.

मथूच्या तोंडचं पाणी पळालं. पन्हळ परत देता येत नव्हती, उतार परत देता येत नव्हता. ती आत धावली आणि तिनं बाबांना सगळं सांगितलं. परी, थेंब, काकीची भिंत, काही लपवलं नाही.

 बाबांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं. आवाज अजून बद्दच होता.

"मी आजवर एवढ्या पन्हळी घातल्या," ते म्हणाले, "पण पाणी कुठे जाणार हे विचारल्याशिवाय एक खिळा ठोकला नाही. आपलं पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर सोडायचं नसतं, मथू. थेंब तुझा आहे. तुला वाटेल ते माग, मी रागावणार नाही."

किती वाईट वाटलं असेल तिला, सांगा. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला ती काकी, जी कधी धड शब्द बोलली नाही. मथूनं बाबांच्या गळ्याला मिठी मारली, पावसात बाहेर गेली आणि हुंदके देत पिवळ्या थेंबाला म्हणाली, "पन्हळीचं सगळं पाणी कुणाच्याही भिंतीला न लागता पोफळीच्या बागेत जाऊ दे."

थेंब फुटला. पन्हळीच्या टोकापासून एक देखणा सोनेरी पाट निघाला, वळणं घेत काकीच्या अंगणाला वळसा घालून बागेत उतरला. थेंब संपले.

आणि काकी बाहेर आली. अंगाचा तिळपापड झालेला, हातात केरसुणी. "काय गं, माझं घर पाडायला निघालात काय बापलेक?" असं म्हणत ती तरातरा वर चढून आली. मथूनं पुढे होऊन तिचा हात धरला. पहिल्यांदाच धरला.

"काकी, मागाहून मला मारा. आधी बाबांची खाट ओढू लागा. आमची भिंत पडतेय."

काकीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या सोनेरी पाटाकडे. मग केरसुणी टाकली आणि पदर खोचला. दोघींनी मिळून खाट ओढली, मागच्या खोलीतून माजघरात, माजघरातून पडवीत. मथूचे हात सोलवटून निघाले. खाटेचा शेवटचा पाय उंबऱ्यातून बाहेर आला आणि मागे धप्प असा एकच आवाज झाला. अख्खी भिंत आत कोसळली होती, खाट होती त्याच जागी.

छपराला भगदाड पडलं आणि त्यातून पाऊस आत शिरू लागला. सामान भिजलं, चूल विझली. तेव्हा त्या भगदाडात पागोळपरी दिसली.

"थेंब संपले, बाळ," ती म्हणाली. "आता माझ्याकडे फक्त मी उरले आहे. तू मात्र योग्य तेच मागितलंस."

तिनं पंख पसरले. ते पसरत गेले, निळे, जांभळे, सोनेरी, आणि झावळ्यांचा विणतात तसा उजेडाचा एक झाप विणला जाऊन पडलेल्या भिंतीच्या जागी थेट वरच्या भगदाडापर्यंत उभा राहिला. त्यात परी विरघळून गेली.  तो उजेडाचा झाप सात दिवस तिथे होता, आणि त्यातून पावसाचा एक टिपूससुद्धा आत आला नाही.

संध्याकाळी लावणीहून गाव परतलं. बाबांच्या कुजक्या पन्हळीकडे आपण पाहिलं नाही म्हणून माणसं खाली मान घालून आली आणि भिंतीसाठी दगडाचे चिरे वाहू लागली. सातव्या दिवशी नवी भिंत उभी राहिली, छपराचं भगदाड बुजलं, आणि झाप मावळला. बाबांचा पाय पुढे जुळला, पण ते कायमचे लंगडत चालले. परी पुन्हा कुणाला दिसली नाही.

ते सात दिवस बापलेक काकीकडे राहिले. आठव्या दिवशी मथूनं आपली गोधडी घडी करून काखेत मारली. काकी चुलीपाशी होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"गोधडी राहू दे इथेच," ती खेकसली. "रोज ने-आण कोण करणार? आणि इकडे ये, ती वेणी सुटलीय तुझी."