थम नसलेली कवायत

कडेवाडीची टेकडी चढताना माणसं सहसा वळणावळणाने जातात. शाळेची पायवाट मात्र मैदानातून निघते ती ओढ्यातून, करवंदीच्या जाळ्यांतून, नाकासमोर सरळ वर कड्यापर्यंत. असं का, म्हणून पाहुण्यांनी विचारलं की शाळेचे जुने शिपाई बाजीतात्या आधी ऐसपैस मांडी घालतात. ही गोष्ट उभ्याने सांगायची नाही, असा त्यांचा दंडक आहे.

शाळा तेव्हा नवी होती. खासगी, मुलांची, जेमतेम दोन वर्गांची. कवायत शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले गेनबा शेलार हवालदार होते. त्यांच्या हुकमाने पलीकडच्या वाडीतली गुरंसुद्धा कान टवकारत, असे सांगतात. पोरांना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "म्या थम म्हनल्याबिगर थांबायचं न्हाई. मग म्होरं वाघ येऊ दे."

पुढे शिक्षणखात्याच्या साहेबांची तपासणी आली. साहेबांच्या मनास शाळा आली तरच मान्यता, नाहीतर कुलूप. हवालदारांनी आठवडाभर घसा फोडून सराव घेतला. तपासणीच्या सकाळी त्यांनी "तेज चल!" असा खणखणीत हुकूम सोडला आणि तिथेच त्यांचा आवाज बसला. थम म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा! तुकडी मैदान ओलांडून पार झाली. हेडमास्तर पेंडसे "अरे, थांबा रे!" म्हणून ओरडले. पण कवायतीत हेडमास्तरांचं ऐकायचं असतं, हे पोरांना कोणी शिकवलंच नव्हतं.

पोरं ओढ्यात शिरली. बूट भिजले, पाऊल चुकलं नाही. टेकडीला लागली, तसा हवालदारांना वरचा कडा आठवला. शाळा बुडाली तरी चालेल, माझी पोरं वाचू देत, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते आडवाटेने धावत सुटले. लढाईतही ते इतके धावले नव्हते, म्हणे. अंगातला सदरा जाळ्यांत राहिला. कड्याच्या टोकाशी पोचून ते हात पसरून उभे राहिले, आणि पुढची रांग त्यांच्या छातीवर येऊन थांबली.

मागून साहेब धापा टाकत आले आणि पहिल्या मुलावर खेकसले, "समोर कडा दिसत नव्हता?"

"दिसत हुता, साहेब."

"मग?"

"हवालदार येनार हुतं की."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. हवालदारांना बोलता येतच नव्हतं. ते पोराला पोटाशी धरून ढसाढसा रडले. मान्यता तिथेच, कड्यावर मिळाली, असे सांगतात.

आजही शाळेच्या वाढदिवशी तुकडी त्याच वाटेने वर जाते आणि थम कोणी म्हणत नाही. त्या वर्षी नव्याने आलेल्या मास्तरांना टोकाशी उभं करतात, कड्याकडे पाठ करून. पोरं पावलं आपटत थेट त्यांच्यावर चालून येतात. मास्तर हात पसरतात. त्या दिवशी थांबायचं कुठे, हे पोरांनी ठरवायचं असतं.