देवळाबाहेरचा पेत्र

एका गावात एक माणूस दर रविवारी देवळापर्यंत येई आणि आत न जाता बाहेरच बसे. त्याचं नाव सत्वान. गाव पाटाच्या काठचं, देऊळ ख्रिस्ती मंडळीचं, कौलारू आणि लहान. अंगणात भिंतीला लागून एक कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याशी सत्वानची जागा. आत गाणं सुरू झालं की त्याचे ओठ हलत. उपासना सुटायच्या आत तो उठून घरी जाई.

त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. आत यायला कुणी मनाईही केली नव्हती. तरी तो बाहेर का बसे, त्याची ही गोष्ट.

सत्वानला एकच बहीण, केसर. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यानंच तिला लहानाची मोठी केली आणि शेजारच्या शमुवेलला दिली. दोघा मेहुण्यांचं मेतकूट असं की बैल एकाचे आणि औत दुसऱ्याचं, तरी कधी कुरकुर नाही. केसर म्हणायची, "दादा, तुला बहीण दिसंना झाली, मेव्हणाच दिसतो." सत्वान हसायचा.

एका वर्षी पाटाला पाणी कमी आलं. पाळी दुसऱ्यांची होती, आणि इकडे या दोघांची पिकं माना टाकायला लागली. दोघांनी मिळून पहाटे पाटाच्या चारीचं दार उघडलं. पाणी सुटलं ते आवरेना. खालच्या अंगाला लोकांनी नुकती लावलेली कांद्याची रोपं वाहून गेली.

चावडीवर गाव जमलं. दार शमुवेलच्या बांधाजवळ होतं, म्हणून आळ त्याच्यावर आला. पाटलांनी सत्वानला विचारलं, "तू व्हतास का याच्यासंगं?"

सत्वानच्या पोटऱ्यांना चिखल अजून ओला होता. तो म्हणाला, "मला काय ठावं? मी घरीच व्हतो."

शमुवेलनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यानं मेहुण्याचं नाव घेतलं नाही. चिखल तर सगळ्यांनाच दिसला होता, पण गावाला एक गुन्हेगार पुरे होता. लोक शमुवेलशी बोलेनासे झाले. शेवटी तो केसरला घेऊन दूर एका साखर कारखान्यावर कामाला गेला आणि तिथंच तापानं वारला.

केसर विधवा होऊन गावी परतली. सत्वानच्या दारावरून ती पाण्याला जाई, पण मान वर करून बघत नसे. 'दादा' हा शब्द सत्वानच्या कानावर पुन्हा पडला नाही. त्याला आता दुसरं काही नको होतं. तेवढा एक शब्द ऐकू यावा, मग डोळे मिटले तरी चालतील, असं त्याला वाटे. ती येण्याच्या वेळेला तो मुद्दाम ओसरीवर बसे. ती गेली की उठे.

आता या मंडळीची एक रीत होती. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभूच्या दुःखसहनाची हकिगत एकट्या पाळकानं वाचायची नाही, माणसं वाटून घ्यायची. कुणी पिलात, कुणी शिपाई, कुणी मरीया. शिपायांचा नायक शताधिपती व्हायला सगळे एका पायावर तयार, कारण शेवटी तो चांगलं बोलतो. प्रभूला धरून देणारा यहूदा शाळेच्या मास्तरांच्या वाट्याला जाई. ते परगावचे, त्यांना नाही म्हणता येत नसे. पेत्र हा शिष्य भीतीनं प्रभूला ओळखत नाही म्हणतो आणि लगेच कोंबडा आरवतो; ती बांग सोनाबाई नावाची म्हातारी देई, आणि ती अशी हुबेहूब की वस्तीवरचे खरे कोंबडे तिला उत्तर देत.

वाटप दानिएल पंचांच्या हाती होतं. माणूस नेकीचा, पण जिभेला हाड नव्हतं. शमुवेल गेल्याची बातमी आली त्या वर्षी त्यांनी पेत्राचं काम सत्वानला दिलं.

"मला पाठ व्हायचं न्हाई, पंच," सत्वान म्हणाला.

"तुला पाठ करायची गरजच न्हाई," पंच म्हणाले. काही जण हसले.

शुक्रवारी दासी झालेल्या बाईनं विचारलं, "तूही त्याच्याबरोबर होतास ना?" आणि सत्वान म्हणाला, "मी त्या माणसाला ओळखत नाही." सोनाबाईनं बांग दिली. रीतीप्रमाणे पेत्रानं इथं रडत बाहेर जायचं असतं. आजवरचे पेत्र तोंडावर उपरणं घेऊन बाहेर जात आणि मागच्या दारानं गुपचूप आत येऊन बसत. सत्वानला तसं सोंग करावं लागलं नाही. तो खरंच रडला. बऱ्याच वेळानं डोळे पुसून तो दाराशी आला, तेव्हा पंच हळूच म्हणाले, "पेत्र वधस्तंभापाशी नव्हता, सत्वा. तसंच लिहिलंय."

लिहिलं तर तसंच होतं. सत्वान मागे फिरला आणि कडुनिंबाखाली बसला. ईस्टरच्या उपासनेत पेत्राला काही काम नव्हतं, म्हणून त्या रविवारीही तो तिथंच बसला. पुढच्या रविवारीही. मंडळीला वाटलं, येईल आपणहून. सत्वानला वाटलं, बोलावील कुणीतरी. अशा वाट बघण्यात वर्षं गेली, आणि त्याचं बाहेर बसणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. पेत्राचं काम मात्र दर वर्षी त्यालाच मिळत राहिलं. वर्षातून तेवढा एक दिवस तो आत जाई, तोही नाकारायला.

पुढे मंडळीला नवे पाळक आले. त्याच वर्षी ईस्टरला मरीया होणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचे गुडघे धरले. हे काम म्हणजे असं: बायका फुलं घेऊन पहाटे कबरस्थानात जात, तिथं पाळक देवदूताचा निरोप वाचून दाखवत, आणि मरीया झालेली बाई देवळाच्या दारात येऊन तो मंडळीला सांगे. यंदा ते केसरकडे आलं. तिला वाचता येत नव्हतं. पाळक तिच्याकडून निरोप पाठ करून घेऊ लागले.

"प्रभू उठला आहे. जाऊन त्याच्या शिष्यांना सांगा, आणि पेत्राला सांगा."

केसर म्हणता म्हणता थांबली. "पाळकबाबा, पेत्र शिष्यच व्हता ना?"

"होता की."

"मग त्याचं नाव निराळं कशापायी?"

"नुसतं शिष्यांना बोलावलं असतं, तर तो आला नसता," पाळक म्हणाले. "मी कसला आता शिष्य, म्हणाला असता."

केसर म्हणाली, "तेवढं गाळलं तर चालंल का? आधीच्या बाई गाळायच्या."

"गाळता येईल. पण निरोप आपला नाही, केसरबाई. पाठवणाऱ्याचा आहे."

यावर तिला रडू कोसळलं. "मग माझ्यापाशी आणिक एक निरोप हाये," ती म्हणाली. "मालक शेवटच्या तापात म्हणाले, सत्वाला सांग, माझ्या मनात काही न्हाई. म्या सांगितलंच न्हाई. म्हटलं, बसू दे त्याला बाहेर. बसू दे रडत. आन् रोज त्याच्या दारावरून जाताना माझाच जीव तुटतो, तरी तोंड उघडत न्हाई."

पाळकांनी तिला उपदेश केला नाही. ते एवढंच म्हणाले, "कबरेपाशी हा निरोप पहिल्यांदा ऐकलेल्या बायकाही भिऊन आधी गप्पच राहिल्या होत्या."

शुक्रवार आला. सत्वाननं नेहमीसारखं नाकारलं आणि तो बाहेर गेला. इतकी वर्षं केसर त्या वेळी नजर वळवत असे. या वेळी तिनं भावाला पाठमोरा बघितला. त्याचे केस पिकले होते आणि तो थोडा वाकून चालत होता. हे कधी झालं, ते तिला कळलंच नव्हतं.

ईस्टरच्या पहाटे सत्वान सगळ्यांच्या आधी येऊन कडुनिंबाखाली बसला. बहीण निरोप सांगणार हे त्याच्या कानावर आलं होतं. तिचा आवाज तरी ऐकू येईल, एवढ्यावर तो खूश होता.

बायका कबरस्थानातून आल्या. केसर देवळाच्या दारात उभी राहिली.

"प्रभू उठला आहे," ती म्हणाली. "जाऊन त्याच्या शिष्यांना सांगा."

पेटीवाल्यानं भाता हलवला, लोक गाणं उचलणार इतक्यात ती वळली. मंडळीकडे पाठ करून पायऱ्या उतरली आणि कडुनिंबाकडे चालू लागली. ती येताना पाहून सत्वान घाईनं उठला. आजच्या दिवशी आपण इथं बसलेलं तिला खपत नसेल, असं त्याला वाटलं. तो फाटकाकडे निघाला.

"आणि पेत्राला," केसर मागून म्हणाली. "दादा, थांब."

तो थांबला. भिंतीला हात टेकून उभा राहिला. तो बोलला ते एवढ्या मोठ्यानं की आतल्यांनाही ऐकू गेलं.

"केसर, मी व्हतो त्याच्यासंगं. दार आम्ही दोघांनी उघडलं. मी खोटं बोललो."

"ठावं हाये, दादा. मालकांनी तुझ्यासाठी निरोप ठेवला व्हता. म्हणाले, सत्वाला सांग, माझ्या मनात काही न्हाई." तिनं भिंतीवरचा त्याचा हात धरला. "तो म्या दाबून ठेवला. तू एकदा खोटं बोललास, मी इतकी वर्षं गप्प बसले. आता चल आत."

दानिएल पंच दारातच उभे होते. पेत्राच्या गोष्टीतला नाकारण्याचा शुक्रवार त्यांनी वर्षानुवर्षं वाटला होता आणि बोलावण्याचा रविवार त्यांच्याकडून राहून गेला होता. ते बाजूला झाले आणि सतरंजीवर आपल्या शेजारी त्यांनी जागा केली. सत्वान बहिणीचा हात धरून आत आला. त्याला गाता आलं नाही, नुसते ओठ हलले. शमुवेलला एकदा भेटून घ्यायचं मात्र राहिलं ते राहिलंच, आणि ती हुरहुर त्याला मरेपर्यंत सोडून गेली नाही.

पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवारची कामं वाटताना पंच पेत्रापाशी येऊन अडले. सगळ्यांनी सत्वानकडे बघितलं.

"यंदा पेत्र माझ्याकडं राहू द्या," पंच म्हणाले. कुणी हसलं नाही.

तात्पर्य: देव पडलेल्या माणसालाही नाव घेऊन बोलावतो, पण ती हाक माणसांच्या तोंडूनच पोचते. म्हणून कुणाला द्यायची क्षमा आपल्यापाशी अडून राहिली असेल, तर ती त्याच्यापर्यंत नेऊन द्यावी.