टिंबीची आई आणि खाचेतला दाणा

एक होती टिंबी. टिंबी म्हणजे बदकाचं पिल्लू. एवढुस्सं! पिवळं पिवळं!

ती राहायची कुठे? ओळखा बघू!

तळ्यात? नाही. खुराड्यात? नाही, नाही!

टिंबी राहायची गेममध्ये. निनाददादाच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरमध्ये. दादानं तो स्वतः जोडला होता, बरं का! हा भाग इथे, तो भाग तिथे. दिवे लुकलुक. पंखे गरगर. काय सांगू तुम्हाला, नुसता थाट!

गेममध्ये होती एक नदी. नदीच्या अलीकडे टिंबी. नदीच्या पलीकडे टिंबीची आई.

दादा बटण दाबायचा. टिंबी पाण्यात उतरायची. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. आई पंख पसरायची.

"ये गं माझ्या सोन्या, ये!"

टिंबी अगदी जवळ यायची. आता पोचणार. आता बिलगणार. आणि...

झप्प!

स्क्रीन निळी. नदी नाही. आई नाही. काही म्हणजे काहीच नाही.

दादा परत सुरू करायचा. परत अलीकडे टिंबी. परत पलीकडे आई. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक... झप्प!

एकदा झालं. दोनदा झालं. असे आठ दिवस झाले.

टिंबीचे डोळे लाल झाले. ती म्हणाली, "आता मीच जाते. मीच विचारते."

टिंबी होती प्रकाशाची. बारीक फटीतूनसुद्धा जायची. स्क्रीनच्या कडेवर आली आणि म्हणाली,

"स्क्रीनकाका, स्क्रीनकाका, टिका ना!
आई भेटेना!
मी काय करू, सांगा ना!"

स्क्रीनकाका म्हणाले, "मी नाही टिकणार, बाळा. रॅमताई सांगते तेच मी दाखवतो. ती मधेच गप्प होते. मग मी निळा पडतो. रॅमताईला आठवलं, तर मी टिकेन."

रॅमताई कोण, माहितीये? रॅम म्हणजे कॉम्प्युटरची आठवण! लांबट, चपटी पट्टी. नदी कुठे, आई कुठे, सगळं तिनं लक्षात ठेवायचं.

टिंबी निघाली. वायरवरून घसरली. सुर्रर्र! कॉम्प्युटरच्या काळ्या डब्यात पोचली.

"रॅमताई, रॅमताई, आठव ना!
स्क्रीन टिकेना,
आई भेटेना!
मी काय करू, सांग ना!"

रॅमताई रडवेली झाली. "अगं, मी काय मुद्दाम विसरते? मी नीट बसलेच नाहीये. या टोकाला टक् झालं. त्या टोकाला झालंच नाही. अर्धी आत, अर्धी लटकते. जरा गरम झालं की सगळं निसटतं. तुझी आईपण निसटते. मी नाही आठवणार. खाचमावशीनं धरलं, तर आठवेन."

टिंबी चालली. पचक पचक, पचक पचक. रॅमताईच्या खाली होती खाच. लांब, अरुंद.

"खाचमावशी, खाचमावशी, धर ना!
रॅमला आठवेना,
स्क्रीन टिकेना,
आई भेटेना!
मी काय करू, सांग ना!"

खाचमावशी कण्हली. "आई गं! मी नाही धरणार. माझ्या पोटात काहीतरी टोचतंय. आठ दिवस टोचतंय! दाणा अडकलाय, दाणा. तो निघाला, तर धरेन."

दाणा? कॉम्प्युटरमध्ये दाणा? टिंबीनं खाचेत डोकं घातलं. आणि खरंच की! तळाशी होता एक तांदूळ. कुंकवानं लालेलाल.

"दाणेदादा, दाणेदादा, निघ ना!
खाच धरेना,
रॅमला आठवेना,
स्क्रीन टिकेना,
आई भेटेना!
मी काय करू, सांग ना!"

दाणा हळूच म्हणाला, "मी हौसेनं बसलोय होय इथे? मी अक्षतेचा दाणा. कॉम्प्युटर जोडायच्या आधी पूजा झाली ना, तेव्हा पडलो. बाकीचे सगळे दादानं वेचले. मी राहिलो. एकटाच. मला हात नाहीत, पाय नाहीत. मी नाही निघणार. मुंगीनं ओढलं, तर निघेन."

मुंगी होती बाहेर, टेबलावर. लाडवाचा चुरा शोधत होती. टिंबी निघाली. पचक पचक, पचक पचक.

"मुंगीबाई, मुंगीबाई, ओढ ना!
दाणा निघेना,
खाच धरेना,
रॅमला आठवेना,
स्क्रीन टिकेना,
आई भेटेना!
मी काय करू, सांग ना!"

मुंगी म्हणाली, "मी बाई नाही ओढणार! आत येऊ कशी? मागच्या जाळीतून? तिथे पंखा फिरतो, गरगर! माझ्या मिशा उडतील! इकडून येईन म्हटलं, तर डब्याला ही मोठी काच. काच सरकली, तर ओढेन."

टिंबी काचेपाशी गेली. काच थंडगार. टिंबीनं तिला गाल टेकवला.

"काचकाकू, काचकाकू, सरक ना!
मुंगी ओढेना,
दाणा निघेना,
खाच धरेना,
रॅमला आठवेना,
स्क्रीन टिकेना,
आई भेटेना!
मी काय करू, सांग ना!"

काचकाकू म्हणाली, "मी नाही सरकणार, राणी. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. चिक्कार घट्ट! निनाददादा उठला, तर सरकेन."

दादा बसला होता खुर्चीत. डोकं हातात धरून. चहा निवलेला. चेहरा उतरलेला.

"निनाददादा, निनाददादा, ऊठ ना!
काच सरकेना,
मुंगी ओढेना,
दाणा निघेना,
खाच धरेना,
रॅमला आठवेना,
स्क्रीन टिकेना,
आई भेटेना!
मी काय करू, सांग ना!"

पण दादाला ऐकू आलं फक्त "पॅक पॅक, पॅक पॅक." मोठी माणसं ना! त्यांना एवढंच ऐकू येतं.

दादा पुटपुटला, "मी नाही उठणार. उठून करू तरी काय? रॅमचा वेग कमी करून बघितला. गेम तीनदा काढला, तीनदा टाकला. माझं चुकलं कुठे, तेच कळत नाही. जोडताना गार्गी शेजारी होती. पण ती आठ दिवस धड बोलतच नाहीये. गार्गी बोलली, तर उठेन."

गार्गी म्हणजे दादाची धाकटी बहीण. ती होती पलंगाखाली. हो, पलंगाखाली! गुडघे पोटाशी घेऊन.

टिंबी थकली होती. तरी गेली. पचक... पचक... पचक...

"गार्गी, गार्गी, बोल ना!
दादा उठेना,
काच सरकेना,
मुंगी ओढेना,
दाणा निघेना,
खाच धरेना,
रॅमला आठवेना,
स्क्रीन टिकेना,
आई भेटेना!
मी काय करू, सांग ना!"

गार्गी लहान होती. तिला सगळं नीट ऐकू आलं. तिनं तोंड फिरवलं.

"मी नाही बोलणार," गार्गी म्हणाली.

"मग कोणी काय केलं, तर बोलशील?" टिंबीनं विचारलं.

"कोणीच नाही."

"मग आता मी कुणाकडे जाऊ?"

"कुणाकडेच नाही. माझ्यानंतर कुणीच नाहीये."

कुणीच नाही! टिंबी मटकन खाली बसली. एवढीशी चोच. एवढेसे पंख. आणि केवढं मोठं रडू! टप् टप्, टप् टप्.

गार्गीनं हळूच विचारलं, "तुझी आई कुठेय?"

"नदीच्या पलीकडे."

"दिसत नाही?"

"दिसते ना. रोज दिसते. 'ये' म्हणते. मी जाते. आणि ती हरवते." टिंबीला हुंदका आला. "आज आठ दिवस झाले, गार्गी. तिला वाटत असेल, मीच येत नाही."

गार्गीनं फ्रॉकनं डोळे पुसले. नाक पुसलं. मग पलंगाखालून बाहेर आली. दादाच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"दादा."

"काय गं?"

"आईनं चिमूटभर अक्षता टाकायला सांगितलं होतं ना?"

"हो."

"मी मूठभर टाकल्या."

"माहितीये. वेचता वेचता कंबर मोडली माझी."

"एक दाणा राहिला. तो रॅमच्या खाचेत गेला. मी बघितलं. आणि... आणि मी सांगितलंच नाही."

दादानं खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आठ दिवस?" दादानं विचारलं.

गार्गीनं मान हलवली.

"आठ दिवस पोटात ठेवलंस? वेडाबाई! पोट नाही दुखलं?"

"दुखलं," गार्गी म्हणाली. आणि मग जे रडली, जे रडली! दादानं तिला मांडीवर घेतलं. तिच्या नाकाला आपला रुमाल लावला.

आणि मग काय झालं, बघा हं!

गार्गी बोलली,
तसा दादा उठला.

कॉम्प्युटर बंद केला. पंखे थांबले. किर्रर्र किर्रर्र! चारही स्क्रू काढले.

दादा उठला,
तशी काच सरकली.

काच सरकली,
तशी मुंगी शिरली. दादानं रॅमताईला अलगद वर काढलं. मुंगी खाचेत उतरली. "हय्या हो! हय्या हो!"

मुंगीनं ओढलं,
तसा दाणा निघाला. लाल लाल दाणा!

"अरेच्चा! हा बघ, निघाला!" दादा म्हणाला. गार्गीनं दाण्यापुढे हात जोडले. "सॉरी हं," म्हणाली.

दाणा निघाला,
तशी खाच मोकळी झाली. दादानं रॅमताईला परत ठेवलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. या टोकाला टक्! त्या टोकाला टक्! मग कॉम्प्युटर परत सुरू केला.

खाचेनं धरलं,
तसं रॅमला आठवलं. नदी आठवली. काठ आठवला. आई आठवली.

रॅमला आठवलं,
तशी स्क्रीन टिकली.

टिंबी धावत धावत गेममध्ये शिरली. पाण्यात उतरली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. पलीकडे आई. आईनं पंख पसरले. "ये गं माझ्या सोन्या, ये!"

टिंबी जवळ आली. अगदी जवळ आली. आणि मधेच थांबली.

हो, थांबली! तिला भीती वाटली. आता होणार झप्प. आता जाणार आई. तिनं डोळे गच्च मिटले.

गार्गीनंही मिटले. दादानंही मिटले.

एक... दोन... तीन...

झप्प झालंच नाही.

टिंबीनं एक डोळा उघडला. आई होती. दुसरा उघडला. आई होतीच! स्वतःच पाण्यात उतरून आली होती. तिचेही डोळे लाल होते.

स्क्रीन टिकली,
तशी आई भेटली.

"आई, मी रोज येत होते गं," टिंबी म्हणाली. "रोज. खरंच."

"माहितीये मला," आई म्हणाली. "म्हणून तर काठ सोडला नाही."

टिंबी पंखाखाली शिरली. पार आत, उबेत. पण रडू काही लगेच थांबेना. हुंदके येतच राहिले. आई नुसती मोजत राहिली.

एक हुंदका.

दोन हुंदके.

तीन...

तिसरा आलाच नाही.

झोपली टिंबी, मिटली चोच. श्श! आता आपणही हळू बोलायचं हं.