टेकलेली भिंत

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. मनात एक तांबडा, उभा डोंगर आणा. त्याच्या पायथ्याशी एक लहानसं कौलारू घर. घर आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या अंगणात तुम्ही एकटे उभे आहात. भर दुपारी अंधारून आलंय आणि डोंगराच्या पोटातून गुरगुर ऐकू येतेय. वाटली ना भीती? वाटू द्या. आपल्या शेवंतीलाही वाटली होती, आणि ती अवघी नऊ वर्षांची होती.

कोकणातल्या माडवणे गावात दर वैशाखात वेळूमहाराज येत. त्यांचा मठ तीन कोसांवर, नदीपलीकडे. हातात सदैव उंच वेळूची काठी असे, म्हणून लोक त्यांना वेळूमहाराज म्हणत. त्या वैशाखात महाराज उतरले ते भिकू गावड्याच्या ओटीवर. भिकू चिरेखाणीवर तांबडे चिरे तोडणारा साधा माणूस. आदल्या पावसाळ्यात डोंगराची माती घसरून त्याचा गोठा गाडला गेला होता. आता डोंगर आणि घर यांत फक्त ते अंगण उरलं होतं. म्हणून खाणीतले तुटके-फुटके चिरे आणून भिकू तिथं आधाराची भिंत बांधत होता.

महाराज भिंतीपाशी गेले, तिला पाठ लावून बसले आणि म्हणाले, "भिकू, भिंतीनं डोंगराशी कुस्ती खेळायची नसते. त्याला टेकायचं असतं. थोडी मागं कलती बांध. मागं चिऱ्यांच्या कपच्या भर. आणि पायाशी सात भोकं ठेव. डोंगर पाणी प्याला की त्याला ते कुठंतरी सोडायला हवं ना!"

मग त्यांनी भिकूच्या लेकीला, शेवंतीला, जवळ बोलावलं. "बाय, ही सात भोकं तुझ्या ताब्यात. आणि कधी भीती वाटली तर भिंतीला पाठ टेक. मी पलीकडून टेकेन."

शेवंतीला हसू आलं. पलीकडून? पलीकडे तर नुसता डोंगर!

भिंत उभी राहिली आणि बाबल मेस्त्री ती बघायला आला. पंचक्रोशीत त्याच्यासारखा गवंडी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. त्यानं खिशातून ओळंबा काढला, ती वजन बांधलेली दोरी भिंतीवरून सोडली आणि खो खो हसला.

"अरे भिकू, भिंत बांधलीस की तिला झोपायला लावलंस? आणि ही भोकं कसली? उंदरांना दारं?"

"महाराजांनी सांगितलं तसं केलं, मेस्त्री," भिकू हळूच म्हणाला.

"महाराजांनी भजन करावं. भिंतीचं मला विचार! माझ्या घरामागची भिंत बघ. ओळंब्यात उभी, मुंगी शिरायला फट नाही. ही भिंत नव्हे रे, चाळण आहे चाळण!"

झालं! तेव्हापासून शेवंती विहिरीवर गेली की पोरं ओरडत, "चाळणवाल्याची शेवंती आली!" ती मान खाली घालून घरी येई. गणपती जवळ आले. गावभर घरं सारवायला निघाली, मुंबईची माणसं येऊ लागली. आता ती माणसंही हसणार! एका दुपारी शेवंतीनं तांबडी माती घेतली, तिच्यात भाताचं तूस कालवलं आणि सातही भोकं गच्च बुजवली. वरून हात असा फिरवला की भोकं होती हे कुणाला कळू नये. बाबांना वाटलं, पोरीनं भिंत सारवली. त्यांनी कौतुकच केलं.

गणपती आले, गेले. ऊन पडलं, माती दगडासारखी वाळली. शेवंती विसरून गेली.

मग हस्ताचा पाऊस आला. हत्तीच्या सोंडेनं ओतावा तसा दोन दिवस, दोन रात्री कोसळत राहिला. घरापुढचा वहाळ फुगून पायरीला लागला. पुढे पाणी, मागे डोंगर. आत मागच्या खोलीत आई दहा दिवसांची बाळंतीण, अंगात ताप, कुशीत तान्हा भाऊ. तिला हलवायचं कुठं?

तिसऱ्या दिवशी दुपारी भिकू मागच्या दारातून ओरडला, "अरे देवा, भिंतीला पोट सुटलं!"

शेवंती धावली. खरंच, मधोमध भिंत फुगली होती. चिऱ्यांच्या सांध्यातून तांबडं पाणी झिरपत होतं. आत कुणीतरी मोठा श्वास घेत असल्यासारखा आवाज येत होता. भिकू वासे आणून टेकू देत होता, वासे चिखलात सरकत होते.

"भोकांतून पाणी का येत नाही?" तो पुटपुटला. "भोकं गेली कुठं?"

शेवंतीला ती तुसाची माती आठवली. बाबांना सांगावं? ती भिंतीच्या पायाशी बसली आणि नखांनी माती उकरू लागली. माती हलेना. विळा आणला, त्याचं टोक मोडलं. डोक्यावर एक चिरा करकरला.

"शेवंते, मागं हो! भिंत येतेय अंगावर!"

ती मागं झाली नाही. मागं होऊन जायचं कुठं? खोलीत आई होती. ती वळली आणि त्या फुगलेल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चिरे पाठीला ढकलत होते, अगदी हळूहळू, जसं कुणी दार उघडू बघतं.

"महाराज," ती रडत म्हणाली, "मीच बुजवली हो! मीच!"

आणि मुलांनो, चिऱ्यांचं ढकलणं थांबलं. थंडगार चिऱ्यांमागून तिच्या पाठीला ऊब लागली. पलीकडून कुणीतरी पाठ टेकली होती!

तेवढ्यात पायाशी टक् असा आवाज झाला. तिनं खाली पाहिलं. पहिल्या भोकातली माती आतून फुगली, फुटली, आणि बाहेर आलं एका वेळूच्या काठीचं टोक. आलं आणि आत गेलं. मागोमाग तांबड्या पाण्याची धार सुटली. मग दुसऱ्या भोकात टक्. तिसऱ्या. चौथ्या. भिकूच्या हातातला वासा गळून पडला. पलीकडे माणूस उभा राहील एवढी जागा कुठं होती! सातव्या भोकातून धार सुटली तेव्हा आत मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज झाला, आणि भिंत जिथं होती तिथंच थांबली.

याच वेळी कुंपणावरून बाबल मेस्त्री धडपडत आला. डोक्याचं फडकं गेलेलं, अंगभर चिखल. "भिकू, माझी भिंत गेली रे! अख्खी आडवी झाली! पोरं थोडक्यात वाचली, त्यांना तुझ्या ओटीवर..." आणि त्याचं लक्ष त्या सात धारांकडे गेलं. कुंपण ओलांडताना सातव्या भोकातून आत जाणारी काठी त्यानंही पाहिली होती.

चार दिवसांनी नदी उतरली. भिकू, शेवंती आणि बाबल मठात गेले. महाराज खांबापाशी बसले होते. शिष्य सांगू लागला, "त्या दुपारी ताट वाढलं होतं. महाराज पाटावरून उठले, खांबाला पाठ लावून बसले, दोन घटका हलले नाहीत. सात वेळा काठी पुढं ढकलली. उठले तेव्हा पाठ ही अशी!"

महाराजांच्या पाठीवर चिऱ्यांचे लाल वळ होते. काठीच्या टोकाला मातीचा गोळा सुकला होता. मठाची माती नदीकाठची, करडी. हा गोळा तांबडा होता, आणि त्यात भाताचं तूस होतं.

शेवंती पुढे झाली. "महाराज, भोकं मी बुजवली होती."

"ठाऊक आहे गो," महाराज हसले. "म्हणून तर आतून यावं लागलं!"

बाबल मेस्त्रीचे डोळे भरून आले. आयुष्यभर ताठ राहिलेला तो माणूस महाराजांच्या पायांशी वाकला आणि त्यानं माथा टेकला. बराच वेळ उचलला नाही.

"महाराज, मला टेकायला कुणी शिकवलंच नाही," तो म्हणाला.

"आता जमलं की!" महाराज म्हणाले आणि त्यांनी ती काठी शेवंतीच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी बाबलनं आपल्या पडक्या भिंतीचा पाया पुन्हा धरला. पहिला चिरा बसवला. दुसरा उचलला, तेवढ्यात शेवंती तिथं आली. तिनं ती वेळूची काठी पहिल्या चिऱ्याला लागून आडवी ठेवली, एक टोक डोंगराकडे, एक अंगणाकडे, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

बाबलनं तिच्याकडे पाहिलं. मग मधे काठीएवढं भोक राहील असा दुसरा चिरा काठीच्या पलीकडे बसवला.