बेंबी असलेला मासा

समुद्राला अजून कुणी नावही दिले नव्हते, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

किनाऱ्यावरच्या एका राज्यात एक शास्त्रीबुवा होते. त्यांनी साऱ्या जीवांची पोथी लिहिली होती आणि तिचे तीनच भाग केले होते. जमिनीवर चालतो तो पशू, हवेत उडतो तो पक्षी, पाण्यात पोहतो तो मासा. पोथी चुकू शकते, हे कुणाच्या मनातही येत नसे.

एकदा ओहोटीत देवमाशाचे पिल्लू उथळ पाण्यात अडकले. खोल पाण्यात त्याची आई येरझाऱ्या घालत होती. सारा गाव धावला.

“मासाच तो! डोकं पाण्याखाली धरा, म्हणजे जगेल,” शास्त्रीबुवांनी सांगितले. दहा जणांनी डोके दाबून धरले. पिल्लू तडफडू लागले.

मासळी विकून परतणाऱ्या एका तरुण कोळणीने ते पाहिले. पाटी वाळूत टाकून ती पाण्यात शिरली. मासा ताजा की शिळा, हे ती कल्ले उघडून ओळखे. सवयीने तिची बोटे तिथेच गेली. पण कल्लेच नव्हते! अंग ऊबदार लागले. हात पोटाखाली गेला आणि ती चमकली.

“सोडा! आधी सोडा त्याला! हा मासा नाही!”

“अगं बये, नावातच मासा आहे,” शास्त्रीबुवा हसले. “पाटी डोक्यावर घेऊन शास्त्र शिकलीस वाटतं?”

“मासळी विकते म्हणूनच सांगते. कल्ले नाहीत, मग पाण्यात श्वास घेणार कुठून? आणि शास्त्रीबुवा, बेंबी असलेला मासा कधी पाहिलात?”

लोकांचे हात सैल पडले. तिने खांदा लावून डोके वर उचलले. पिल्लाच्या टाळूवरचे भोक उघडले आणि फुस्सकन उडालेल्या फवाऱ्याने, बघायला वाकलेल्या शास्त्रीबुवांची दाढी भिजली.

भरती येईपर्यंत गावाने ते डोके पाण्यावर धरून ठेवले. मग पिल्लू सुटले आणि दूध प्यायला थेट आईच्या पोटाशी बिलगले.

शास्त्रीबुवांनी पोथीतली ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली. “आता कुठे लिहू, तुम्हीच सांगा, बाई.”

“गाईच्या, मांजरीच्या शेजारी लिहा. म्हणजे तुमच्या-माझ्याही शेजारी.”

तेव्हापासून दूर समुद्रात फवारा उडाला, की त्या गावची माणसे छाती फुगवून म्हणतात, “ते बघा, आपल्यातलंच कुणीतरी!”

जीव कुठे राहतो यावरून त्याचे कूळ ठरत नाही. तो जगतो कसा, हे जवळ जाऊन पाहिल्यावरच ते कळते.